विश्वांतील विषमतेचें बीज

पुणें शहरांत, गणेशखिंडींतील विद्यापीठाच्या आवारांत, 'आयुका' या नांवानें ओळखली जाणारी खगोलविज्ञानाची एक संस्था आहे. तिची स्थापना १९८८ सालीं झाली. या संस्थेंतील व पाषाणच्या 'आयसर' संस्थेंतील संशोधकांनीं, इतर ठिकाणच्या आपल्या सहकाऱ्यांसह, जुलै २०१७ मध्यें एक शोध प्रसिद्ध केला. आपली आकाशगंगा हा जसा अब्जावधि ताऱ्यांचा समुदाय आहे, तसे दुसरेहि असंख्य समुदाय अवकाशांत आहेत; त्यांस दीर्घिका म्हणतात. मीन राशीच्या दिशेस, सुमारें ४०० कोटि प्रकाशवर्षें अंतरावर, अशा दीर्घिकांचा एक प्रचंड मेळावा या संशोधकांस आढळला. त्याचा विस्तार सुमारें ६० कोटि प्रकाशवर्षें असून त्यांत दीर्घिकांचे निदान ४३ मोठे गुच्छ आहेत. त्यांचें एकूण द्रव्य आपल्या सूर्याच्या सुमारें २ कोटि अब्ज पट भरतें. या मेळाव्यास त्यांनीं 'सरस्वती' असें नांव दिलें. तेथून निघालेला जो प्रकाश आज आपल्या दुर्बिणींत शिरतो, तो निघाला तेव्हां आपली पृथ्वी जन्मून सुमारें ५० कोटि वर्षेंच झालीं होतीं.

हें वृत्त वाचून कोणाहि विचारी विद्यार्थ्याच्या मनांत एक साधा प्रश्न यावा. इतकें द्रव्य येथेंच कां गोळा झालें? 'सरस्वती'च्या आसपास कोट्यवधि प्रकाशवर्षें लांबीरुंदीचे जवळजवळ रिकामे प्रदेशहि आहेत. तेथें तें कां नाहीं? एका ठिकाणीं दाटी आणि दुसऱ्या ठिकाणीं ओसाडी, हा भेद प्रथम कोठून आला? या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञ आज एकच देत नाहींत. एक पक्ष म्हणतो कीं, आरंभीं विश्व अतिशय वेगानें प्रसरण पावलें आणि त्यांत या भेदाचें बीज पडलें. दुसरा पक्ष म्हणतो कीं, त्यापूर्वीं विश्व आकुंचन पावत होतें आणि बीज त्या आकुंचनांतच पडलें. हे दोन्ही मार्ग काय आहेत, आणि त्यांतील खरा कोणता हें कसें ठरावयाचें, तें सोप्या भाषेंत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम, दाटी वाढते कशी तें पाहूं. जेथें द्रव्य थोडेंसें अधिक, तेथील गुरुत्वाकर्षण थोडेंसें अधिक. म्हणून तें शेजारचें द्रव्य आपल्याकडे ओढतें. त्यामुळें तेथील द्रव्य आणखी वाढतें आणि ओढहि आणखी वाढते. आमच्या विद्यार्थ्यांनीं अंकगणितांत चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें सोडविलीं आहेत. त्याच जातीचा हा व्यवहार आहे. इंग्लंडमधील जेम्स जीन्स यांनीं १९०२ सालीं स्थिर वायूच्या बाबतींत हें गणित मांडलें, आणि तेथें वाढ खरोखरच चक्रवाढ व्याजासारखी होते असें दाखविलें. तसें असेल तर मुद्दल कितीहि क्षुल्लक असलें तरी चालेल. पुरेसा काळ गेला कीं डोंगराएवढी रक्कम होईलच.

परंतु विश्व स्थिर नाहीं. आइन्स्टाइन यांनीं १९१५ सालीं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त पूर्ण केला. त्याच्या समीकरणांवरून रशियन गणिती अलेक्झांडर फ्रीडमन यांनीं १९२२ सालीं असें दाखविलें कीं, विश्व प्रसरण पावूं शकतें, तसेंच आकुंचनहि पावूं शकतें. समीकरणांस दोन्ही मान्य आहेत. पुढें १९२७ सालीं बेल्जियममधील जॉर्ज लमेत्र यांनीं स्वतंत्रपणें तोच विचार मांडून त्याचा संबंध दूरच्या दीर्घिकांच्या गतीशीं जोडला. हे लमेत्र कॅथलिक धर्मगुरु होते, ही गोष्ट आमच्या शाळेच्या वाचकांस विशेष वाटेल. १९२९ सालीं अमेरिकेंतील हबल यांच्या निरीक्षणांनीं प्रसरणास बळकटी आली. सारें अवकाशच ताणलें जात आहे, ही कल्पना तेव्हांपासून दृढ झाली.

आतां, अवकाश ताणलें जात असतां द्रव्य गोळा करणें हें वाहत्या पाण्यांत उलट पोहण्यासारखें आहे. गुरुत्वाकर्षण जवळ ओढतें आणि प्रसरण दूर नेतें. १९४६ सालीं रशियांतील लिफ्शिट्झ यांनीं हिशेब करून दाखविलें कीं, अशा विश्वांत चक्रवाढ व्याज मिळत नाहीं. विश्व जितक्या पटीनें मोठें होईल, फार तर तितक्याच पटीनें दाटीतील फरक वाढतो. व्याजाचा दर असा उतरला म्हणजे मुद्दलाचा विचार करणें भाग पडतें. मुद्दल किती होतें, आणि तें कोणी ठेविलें?

मुद्दल किती होतें हें आपणांस आतां ठाऊक आहे. अमेरिकेंतील पेन्झियस व विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनीं सारखीच येणारी एक मंद रेडिओ-ऊब आढळली. तें वृत्त १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. सुमारें १३८० कोटि वर्षांपूर्वीं विश्व अत्यंत तप्त व दाट होतें. तें निवत निवत सुमारें ३,८०,००० वर्षांनीं इतकें थंड झालें कीं, तोंवर द्रव्यांत अडकून पडलेला प्रकाश मोकळा झाला. ती ऊब म्हणजे तोच प्रकाश होय. त्याचें तपमान आज निरपेक्ष शून्याच्या वर केवळ २.७ अंश उरलें आहे. १९९२ सालीं 'कोबे' नामक उपग्रहाच्या साहाय्यानें असें दिसून आलें कीं, ही ऊब सर्वत्र अगदीं सारखी नसून तींत सुमारें एक लक्षांश एवढा कमीअधिकपणा आहे. दहा हात खोल तलावाच्या पृष्ठभागावर केसाच्या जाडीएवढी लहर उठावी, तितकाच हा फरक. परंतु 'सरस्वती'चें, आपल्या आकाशगंगेचें, आणि अर्थात् आपलेंहि मूळ तोच आहे.

आतां एक उदाहरण सोडवूं. तो प्रकाश मोकळा झाल्यापासून विश्व सुमारें ११०० पटीनें मोठें झालें आहे. मुद्दल एक लक्षांश; त्यास ११०० नें गुणिलें तर सुमारें एक शतांश येतें. म्हणजे आजहि विश्वांत शेंकडा एक एवढाच दाट-विरळपणा असावयास पाहिजे होता! मग तारे व दीर्घिका झाल्या कशा? या विसंगतीचें उत्तर असें कीं, विश्वांत डोळ्यांस न दिसणारें, प्रकाशाशीं कसलाच व्यवहार न ठेवणारें असें पुष्कळ द्रव्य असलें पाहिजे. साधें द्रव्य प्रकाशाच्या दाबाखालीं बांधलेलें असतांना हें अदृश्य द्रव्य मोकळें होतें. त्यानें गोळा होण्यास आधींच आरंभ केला होता. प्रकाशाचें बंधन सुटतांच साधें द्रव्य त्या तयार खळग्यांत जाऊन पडलें. हें अदृश्य द्रव्य कशाचें बनलें आहे तें अद्याप कोणासहि कळलेलें नाहीं. परंतु त्यावांचून हिशेब जुळत नाहीं.

मुद्दल कळलें, आतां तें कोठून आलें हा खरा अवघड प्रश्न. येथें एक अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. ३,८०,००० वर्षांत प्रकाश जेवढा प्रदेश ओलांडूं शकेल तेवढा आज आपल्या आकाशांत एक-दोन अंशांचाच दिसतो. पूर्णचंद्राचें बिंब अर्ध्या अंशाचें असतें, यावरून त्याची कल्पना येईल. त्याहून दूरच्या दोन प्रदेशांची तोंवर कधींच गांठ पडली नसावी. असें असूनहि पूर्वेची ऊब व पश्चिमेची ऊब सारखी कशी? एकमेकांस कधींहि न भेटलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका शब्दशः जुळाव्या, तसा हा प्रकार आहे. परीक्षक म्हणेल, हे पूर्वीं कोठें तरी एकत्र बसले असलेच पाहिजेत.

ते एकत्र बसले कधीं, येथूनच दोन पक्ष वेगळे होतात. १९८१ सालीं अमेरिकेंतील अॅलन गूथ यांनीं असें सुचविलें कीं, अगदीं आरंभींच्या क्षणार्धांत विश्व कल्पनातीत वेगानें फुगलें. आज दूर असलेले प्रदेश त्यापूर्वीं एकाच इवल्याशा जागेंत नांदत होते. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्यास आपण आरंभ म्हणतों त्याच्या पूर्वींहि विश्व होतें. तें दीर्घकाळ आकुंचन पावत होतें, आणि त्या काळांत या प्रदेशांस परस्परांशीं मिळूनमिसळून घेण्यास भरपूर अवकाश मिळाला.

बीजाविषयीं मात्र दोन्ही पक्षांचें मत एकच आहे. क्वांटम सिद्धान्ताप्रमाणें निसर्गांत संपूर्ण स्तब्धता नसते. रित्या अवकाशांतहि सूक्ष्म लहरी सतत उठत व मावळत असतात. यांतील कांहीं लहरी मावळण्याऐवजीं कायमच्या उमटून राहिल्या, तेंच बीज. उठलेली लहर मावळली कां नाहीं, हें समजण्यासाठीं एक दृष्टान्त घेऊं.

शाळेच्या पटांगणावर कवायत चालली आहे. एका टोंकाला ढोल वाजत आहे आणि त्या ठेक्यावर मुलांची रांग जागच्या जागीं पावलें उचलीत व टेकवीत आहे. जोंपर्यंत ढोल ऐकूं येतो तोंपर्यंत पावलें वरखालीं होत राहतात. आतां समजा, रांग भराभर लांबत गेली आणि ढोलाचा आवाज दूरच्या मुलांपर्यंत पोहोंचेनासा झाला. ज्याचें पाऊल जेथें होतें तेथेंच तो थबकेल; कोणाचें उचललेलें, कोणाचें टेकलेलें. विश्व फुगत असतां लहरींचें असेंच होतें. लहर ताणली जाऊन तिची लांबी संदेशाच्या टप्प्याहून मोठी होते, आणि ती होती त्या स्थितींत गोठते. १९८१ सालीं रशियांतील मुखानोव्ह व चिबिसोव्ह यांनीं या प्रकारचें गणित प्रथम मांडलें.

आतां दुसरा प्रकार पाहा. रांग लांबत नाहीं, उलट मुलें हळूहळू जवळ येत आहेत. परंतु त्याच वेळीं पाऊस कोसळूं लागला आणि शेजारच्या पत्र्यांवर त्याचा असा कांहीं गजर सुरू झाला कीं, ढोल ऐकूं येण्याचा टप्पा रांगेपेक्षां कितीतरी जलद आंखडला. परिणाम तोच, दूरचीं मुलें थबकलीं. आकुंचन पावणाऱ्या विश्वांत लहर लहान होते खरी, परंतु संदेशाचा टप्पा तिच्याहून अधिक वेगानें लहान होतो, म्हणून तीहि गोठते. पुढें आपल्या ओळखीच्या मंद प्रसरणाच्या काळांत टप्पा पुन्हां वाढतो आणि ढोल पुन्हां ऐकूं येतो. तेव्हां गोठलेल्या लहरी जागृत होतात, आणि गुरुत्वाकर्षणास आपलें मुद्दल मिळतें.

हे दोन मार्ग केवळ दृष्टान्तांतच सारखे आहेत असें नाहीं. हॅरिसन यांनीं १९७० सालीं व झेल्डोविच यांनीं १९७२ सालीं असें अनुमान केलें होतें कीं, लहान लांबीच्या व मोठ्या लांबीच्या लहरींस सारखेंच मुद्दल मिळालें असावें. फुगणाऱ्या विश्वाच्या गणितांतून जवळजवळ हेंच उत्तर निघतें. मोठ्या लहरींस किंचित् अधिक, एवढाच फरक, आणि उपग्रहांच्या मापनांतहि तो तसाच सांपडला आहे. १९९९ सालीं इंग्लंडमधील डेव्हिड वाँड्स यांनीं दाखविलें कीं, साध्या द्रव्यानें भरलेलें विश्व आकुंचन पावत असेल तर त्यांतूनहि हाच समान वांटा निघतो. एकाच उत्तराकडे नेणाऱ्या ह्या दोन रीति झाल्या. नुसतें उत्तर पाहून मुलानें कोणती रीत वापरली हें गुरुजींस ओळखतां येत नाहीं, तशीच ही गोष्ट आहे.

दोन्ही मार्गांत खांचखळगे आहेतच. विश्व फुगविणारें कारण कोणतें, हें पहिल्या पक्षास निश्चित सांगतां येत नाहीं. आणि फुगण्यापूर्वीं काय होतें, हा प्रश्नहि शिल्लकच राहतो. दुसऱ्या पक्षापुढें याहून मोठ्या दोन अडचणी आहेत. आकुंचन सर्व दिशांनीं अगदीं सारखें नसेल तर तो दिशाभेद झपाट्यानें बळावतो आणि विश्व वेडेंवांकडें चिरडलें जातें. याला उपाय म्हणून २००१ सालीं स्टाइनहार्ट, टुरॉक इत्यादि शास्त्रज्ञांनीं अतिशय मंद आकुंचनाची कल्पना पुढें आणली. तींत हा दिशाभेद दबून जातो. दुसरी अडचण म्हणजे आकुंचन थांबून प्रसरण सुरू कसें व्हावें? कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या समीकरणावरून दिसतें कीं, साधें द्रव्य एकदां सर्व बाजूंनीं आंत कोसळूं लागलें म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर तें परत फिरत नाहीं.

या ठिकाणीं एका महाराष्ट्रीयाचें नांव घेणें अगत्याचें आहे. खानदेशांतील शिरपूर येथें १९४९ सालीं जन्मलेले अभय अष्टेकर यांनीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत राहून अवकाशाचीच क्वांटम भूमिति रचण्यांत आयुष्य वेंचलें आहे. त्यांनीं व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं २००६ सालीं असें गणित मांडलें कीं, घनता एका विलक्षण मर्यादेस पोहोंचली म्हणजे ही भूमितीच द्रव्यास मागें लोटते, आणि आकुंचन पावणारें विश्व चेंडूप्रमाणें उसळून प्रसरण पावूं लागतें. हें आकुंचनवाद्यांच्या बाजूचें खरें. तथापि अशा उसळीनंतर विश्व फुगण्याचा काळहि येऊं शकतो, म्हणून दोन्ही पक्ष प्रत्येक बाबतींत परस्परविरोधीच असतात असें समजूं नये.

पुण्यांतील एका घटनेनें तर आम्हांस विशेष बोध झाला आहे. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९३८ सालीं कोल्हापुरांत झाला आणि २० मे २०२५ रोजीं ते पुण्यांत निवर्तले. विश्वास महास्फोटानें आरंभ झाला, हें मत त्यांनीं आयुष्यभर मान्य केलें नाहीं. १९९३ सालीं फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनीं असें विश्व सुचविलें कीं, जें आळीपाळीनें प्रसरण व आकुंचन पावतें, परंतु कधींहि शून्यापर्यंत आंखडत नाहीं, आणि ज्यास आदि नाहीं. त्याच १९९३ सालीं, त्याच संस्थेंतील ठाणू पद्मनाभन् यांचा एक ग्रंथ केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता विश्वांतील रचना कशा घडल्या. आणि त्यांतील विवेचन नारळीकरांस अमान्य असलेल्या बहुमान्य मताच्या पायावर उभें होतें. संचालक एका मताचे, सहकारी दुसऱ्या मताचे, आणि दोघेहि एकाच छपराखालीं! पुढें त्या मंद उबेचें जें सूक्ष्म मापन झालें तें बहुमान्य मताशीं उत्तम जुळलें, आणि नारळीकरांचें विश्व बहुतेकांनीं स्वीकारलें नाहीं. परंतु आपल्या मताविरुद्धच्या संशोधनास ज्यानें आपल्या घरांत जागा दिली, त्याचा पराभव झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं.

मग या दोन पक्षांचा निवाडा व्हावा कसा? विश्व वेगानें फुगलें असेल तर अवकाशांतहि गुरुत्व-लहरी उठल्या असाव्या, आणि त्यांनीं त्या मंद उबेच्या प्रकाशांत एक विशिष्ट पिळाची खूण ठेविली असावी. मंद आकुंचनाच्या मार्गांत अशी खूण जवळजवळ उमटत नाहीं. आणि साध्या द्रव्याच्या आकुंचनांत, त्याच्या सर्वांत सोप्या रूपांत, ती फारच ठळक उमटते. ही खूण सांपडल्याचें मार्च २०१४ मध्यें दक्षिण ध्रुवावरील एका प्रयोगाच्या संशोधकांनीं जाहीर केलें, आणि जगभर जयजयकार झाला. परंतु वर्षाच्या आंतच, दुसऱ्या मापनांशीं पडताळा पाहतां, ती खूण मुख्यतः आपल्या आकाशगंगेंतील धुळीची ठरली. आणि त्या संशोधकांनीं पडताळ्यांत स्वतः भाग घेऊन तसें प्रसिद्ध केलें. २०२१ सालच्या अधिक कसोशीच्या मापनानुसार, या गुरुत्व-लहरींचें बळ, असलेंच तर, दाट-विरळपणाच्या लहरींच्या बळाच्या शेंकडा चारांहून कमी असलें पाहिजे. यामुळें साध्या आकुंचनाचा सोपा मार्ग जवळजवळ बंद झाला, तसेंच फुगण्याचे कित्येक सोपे प्रकारहि बाद झाले. उद्यां ती खूण खरोखर सांपडली तर मंद आकुंचनाचा पक्ष कोलमडेल. न सांपडली तर मात्र निवाडा लांबणीवर पडेल. कारण फारच फिकट खूण ठेवणारें फुगणेंहि संभवतें.

कांहीं पालकांच्या मनांत अशी शंका येईल कीं, विश्वास आदि आहे कीं नाहीं, या वादानें मुलांच्या श्रद्धेस धक्का तर बसणार नाहीं? याचें उत्तर आम्ही धर्मगुरु लमेत्र यांच्याच चरित्रांतून देतों. १९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं एका भाषणांत विश्वारंभाच्या या नव्या शास्त्राचा संबंध सृष्टीच्या उत्पत्तीविषयींच्या धर्मतत्त्वाशीं जोडला. त्यायोगें लमेत्रांच्या सिद्धान्तास केवढें वजन आलें असतें! पण त्यांस तें रुचलें नाहीं. शास्त्राचा सिद्धान्त शास्त्राच्या कसोटीवरच टिकावा. उद्यां तो खोटा ठरला तर श्रद्धेस त्याची झळ लागूं नये आणि खरा ठरला तर श्रद्धेनें त्याचें भांडवल करूं नये, अशी त्यांची भूमिका होती. आणि हेच लमेत्र १९३३ सालीं पुनःपुन्हां आकुंचन पावून नव्यानें जन्मणाऱ्या विश्वाचाहि विचार करीत होते, आणि राखेंतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याची उपमा त्यास देत होते! त्या मंद उबेचा शोध लागल्याचें वर्तमान १९६६ सालीं, मृत्यूच्या थोडेंच आधीं, त्यांच्या कानीं पडलें.

असो. विद्यार्थिमित्रांनो, या विषयांतील पुढचें काम तुमच्या पिढीचें आहे, आणि त्यासाठीं फार दूर जावें लागेल असें नाहीं. पुण्याच्या उत्तरेस, नारायणगांवजवळ खोडद येथें, गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेनें उभारलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे. दीर्घिकांचे गुच्छ घडण्याच्या आरंभीं त्यांतील हायड्रोजन वायु कसा होता, तो शोधणें हा ती उभारण्यामागील एक मुख्य हेतु होता. नारळीकरांकडे एखादें मूल स्वाक्षरी मागावयास गेलें म्हणजे ते त्यास सांगत, 'पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तराखालीं माझी सही असेल.' तेव्हां यंदाच्या सुट्टींत एखाद्या अंधाऱ्या रात्रीं गच्चीवर जा, मीन राशीकडे पाहा, आणि आपला एक प्रश्न लिहून ठेवा. आकाशांत तेथें 'सरस्वती' डोळ्यांस दिसणार नाहीं. पण एक लक्षांशाच्या मुद्दलापासून तिची आणि तुमची घडण झाली, एवढें आठवलें तरी आमचा हा लेख सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.